शाळेतील मोठी माणसे आणि त्यांच्या मर्यादा

अंबा नदीच्या काठी वसलेल्या नागोठण्यासारख्या बाजारपेठेच्या गावात शिक्षक हा शाळेच्या घंटेपुरताच शिक्षक कधीही नसतो. ज्या आळीत त्याचे बिऱ्हाड असते त्याच आळीत त्याचे विद्यार्थी राहतात, त्यांच्या वडिलांच्या दुकानातून तो वाणसामान भरतो, गणपतीत त्यांच्या घरी आरतीला उभा राहतो, आणि एखाद्या मुलाचा दाखला अडला किंवा फी थकली तर मुख्याध्यापकांकडे रदबदली करण्यासाठीही त्यालाच साकडे घातले जाते. अशा गावात शालेय कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्यामधील मर्यादेचा विषय कोणी काढला, की ऐकणारा प्रथम दचकतो आणि मग काहीशा दुखावल्या स्वराने म्हणतो की आमच्याकडे असले काही नसते, आमचे गुरुजी घरच्यासारखे आहेत. हे उत्तर खोटे नसते. बहुसंख्य शिक्षकांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे असते. परंतु जेथे विश्वास इतका गाढ आहे, तेथे त्या विश्वासाच्या रक्षणाची काही निश्चित तजवीज असावी की नसावी, आणि असावी तर ती कोणी व कशी करावी, या प्रश्नाचा निकाल केवळ सद्भावनेवर सोपवता येत नाही, असे गेल्या काही वर्षांतील महाराष्ट्राच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

मर्यादेची भाषा आपल्या शैक्षणिक परंपरेला परकी आहे, असा एक आक्षेप वारंवार घेतला जातो, आणि त्याचा विचार आधीच केलेला बरा. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा ते मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांच्या अंथरुणांची, आजारपणाची काळजी वाहत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना उपाशी राहावे लागू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. हा वारसा थोर आहे आणि तो गमवावा असे कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. परंतु त्या वात्सल्याचे स्वरूप नीट पाहावे. ते सर्व मुलांसाठी होते, सर्वांच्या देखत होते, त्याच्या बदल्यात मुलाकडून काही मागितले जात नव्हते, आणि ते कोणापासून लपवावे असा प्रसंग त्यात येत नव्हता. जे प्रेम एकाच मुलाला वेगळे काढते, त्याला गुपित सांभाळायला लावते आणि उपकाराच्या ओझ्याखाली त्याचे तोंड बंद करते, ते त्या परंपरेत बसत नाही. मर्यादा हव्यात त्या याच दुसऱ्या प्रकाराला, आणि त्या स्पष्ट असल्या तर पहिल्या प्रकाराला मोकळेपणाने वावरता येते.

या प्रश्नाची व्याप्ती किती, याचा एक जुना परंतु अद्यापही विचारात घ्यावा असा अंदाज केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सापडतो. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून केलेल्या त्या पाहणीत निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५३ टक्के, मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्रास देणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे मुलाच्या ओळखीचे व विश्वासातले होते. आणि शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळपास दोघांनी शारीरिक शिक्षा भोगली होती. मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक नव्हता, किंबहुना मुलग्यांचे प्रमाण किंचित अधिकच भरले, ही गोष्ट आपल्या चर्चेत नेहमी मागे पडते.

आता बदलापूरकडे वळावे लागते, कारण महाराष्ट्रात या विषयाचे पूर्वी आणि नंतर असे दोन भाग त्या घटनेने पाडले. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेच्या बालवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली. हा कर्मचारी थोड्याच दिवसांपूर्वी कंत्राटी पद्धतीने कामावर आला होता, आणि इतक्या लहान मुलींना प्रसाधनगृहात नेण्याच्या कामी स्त्री कर्मचारी नेमलेली असावी, एवढी साधी काळजीही घेतली गेली नव्हती. पालकांनी शाळेला सांगितले. शाळेने पोलिसांना कळवले नाही. पालक पोलीस ठाण्यात गेले. त्यांना फिर्याद नोंदवण्यासाठी कित्येक तास तिष्ठत बसावे लागले. २० ऑगस्टला संतप्त जमावाने बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली, दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमून शाळांतील मुलांच्या सुरक्षिततेबाबत शिफारशी मागवल्या. आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मारला गेला आणि त्याच्यावरचा खटला त्याच्याबरोबर संपला. अनेकांना त्यात न्याय झाल्याचे समाधान वाटले. प्रस्तुत लेखकाला ते वाटत नाही. कारण न्यायालयात साक्षीपुरावा होऊन त्या शाळेत कोणाला केव्हा काय ठाऊक होते, कोणत्या टेबलावर तक्रार अडली, आणि कोणी कोणाला गप्प राहण्यास सांगितले, हे सारे जगापुढे येण्याचा एक राजमार्ग त्या मृत्यूने बंद केला. मुलींच्या दृष्टीने एका माणसाचा अपराध जितका मोठा, तितकेच त्यांच्याभोवतीच्या मोठ्या माणसांचे मौन मोठे होते.

या मौनालाच कायद्याने अपराध मानले आहे, ही गोष्ट आपल्याकडील शाळांच्या दप्तरी अद्याप पुरती पोहोचलेली दिसत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आलेला लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे लोक ज्याला पोक्सो म्हणतात तो, शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील व्यक्तीने त्याच संस्थेतील मुलावर केलेला अपराध अधिक गंभीर श्रेणीचा ठरवतो. कलम १९ अन्वये अशा अपराधाची माहिती किंवा नुसती शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आणि हाताखालच्या माणसाचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलाच्या तथाकथित संमतीला या कायद्यात काही किंमत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले, तेव्हा त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला सारे ठाऊक असूनही त्याने कळवले नाही, असा आरोप झाला. उच्च न्यायालयाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवून असे सांगितले की जाणूनबुजून न कळवणे हा क्षुल्लक कसूर नव्हे, ते बहुधा अपराध्याला पाठीशी घालणेच असते. ‘शाळेची बदनामी होईल’, ‘मुलीचे पुढे लग्न व्हायचे आहे’, ‘आपापसात मिटवून घेऊ’ ही वाक्ये आपल्या गावांत ज्या सहजतेने उच्चारली जातात, ती सहजता पाहता हा निकाल प्रत्येक शिक्षकसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, इतक्या योग्यतेचा आहे.

फौजदारी कायदा असा कडक असला, तरी सेवाशर्तींचा कायदा वेगळ्याच काळात आणि वेगळ्याच हेतूने घडला. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली अस्तित्वात आली, ती मुख्यतः संस्थाचालकांच्या लहरीपासून शिक्षकाच्या नोकरीचे रक्षण करण्यासाठी. त्या काळी रातोरात बडतर्फ होणाऱ्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाचे दार उघडून देणे हे मोठेच न्याय्य कार्य होते. परंतु याच नियमावलीच्या छत्तिसाव्या नियमाप्रमाणे बसणारी चौकशी समिती पाहा : एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक सदस्य आरोपित कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला, आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. ज्याच्या तक्रारीवरून ही समिती बसते, त्या मुलाच्या बाजूने विचार करणारे कोणीही तेथे असावे, अशी तरतूद नाही. बालमानसशास्त्र जाणणारी व्यक्ती नाही, पालक नाही, बालकल्याण समितीचा प्रतिनिधी नाही. पैशाच्या अफरातफरीसाठी किंवा गैरहजेरीसाठी ही रचना पुरेशी असेल. नवव्या इयत्तेतल्या मुलीला तिच्याच शिक्षकांपुढे उभे करून जाबजबाब घेण्यासाठी ती अत्यंत अयोग्य आहे. यावर शाळांनी शोधून काढलेला सोपा उपाय म्हणजे बदली, अथवा राजीनामा घेऊन चांगल्या वर्तणुकीचा दाखला देणे. म्हणजे रोह्यातला कलंक माणगावला आणि माणगावचा महाडला. अमेरिकेने २०१५ च्या शिक्षणविषयक कायद्यात अशी तरतूदच केली की मुलाशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे ठाऊक असलेल्या कर्मचाऱ्यास दुसरी नोकरी मिळवून देण्यास शाळेने मदत करता कामा नये. आपल्याकडे अशी स्पष्ट मनाई सेवाशर्तींत लिहिली जाणे अगत्याचे आहे.

शिक्षकांविषयी इतके बोलले जाते. शिपायाविषयी फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक लहान मूल शाळेत ज्या मोठ्या माणसांच्या हाती सर्वाधिक एकटे सापडते ती माणसे म्हणजे शिपाई, मदतनीस, आणि सकाळ-संध्याकाळ मुलांना कोंबून नेणाऱ्या विक्रमचा किंवा मिनीडोअरचा चालक. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित खाजगी शाळांतील शिपायांची कायम पदे जशी रिक्त होतील तशी न भरता त्यांऐवजी भत्ता देण्याचे ठरले, आणि तो भत्ता मुंबई-पुण्यात दरमहा १० हजार, अन्य महानगरपालिकांत साडेसात हजार, तर नागोठण्यासारख्या ग्रामीण भागात ५ हजार रुपये. गावाशेजारच्या पेट्रोकेमिकल कारखान्यामुळे कंत्राटी मजुरी म्हणजे काय हे या पंचक्रोशीला चांगले ठाऊक आहे. पाच हजारांत मिळेल तो माणूस, मिळेल तितके दिवस, हा तिचा न्याय शाळेच्या दारात आला तर कोणाची कसून चौकशी होणार? पोक्सोच्या २०२० च्या नियमांनी मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, शिकवणारा असो वा झाडणारा, पोलिसांकडून पडताळणी सक्तीची केली आहे, आणि ती एकदाच करून थांबायचे नाही, वेळोवेळी करायची आहे. इंग्लंडात सोहम या गावी २००२ मध्ये एका शाळेच्या रखवालदाराने दोन मुलींचा खून केला, तेव्हा बिचर्ड चौकशीतून असे निष्पन्न झाले की दुसऱ्या परगण्यातील पोलिसांकडे त्याच्याविरुद्धच्या तक्रारी पूर्वीच आलेल्या होत्या, परंतु ती माहिती त्याला नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोहोचली नाही. त्यातूनच तेथील पडताळणीची सारी नवी यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे नियम आहे, परंतु पडताळणीचा कागद येईपर्यंत माणूस सहा महिने काम करून निघून गेलेला असतो.

वसतिगृहाच्या शाळांचा विचार मात्र अधिक थांबून केला पाहिजे, आणि तो या परिसरात विशेष अगत्याने, कारण आदिवासी विकास विभागाचे एक प्रकल्प कार्यालय शेजारच्या पेण येथेच आहे आणि रायगड जिल्ह्यातील आश्रमशाळांचा कारभार त्याच्याकडे चालतो. राज्यात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आणि अनुदानित तितक्याच. या जिल्ह्यात त्यांत राहणारी मुले मुख्यतः कातकरी आणि ठाकूर समाजांची. कातकरी आई-बाप भात झोडून झाले, दिवाळी सरली, की वीटभट्टीवर वा कोळसा पाडायला दूर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे वर्षाचे सहा महिने मुलाचे जवळचे असे कोणीही हाकेच्या अंतरावर नसते. त्या मुलाचे जेवण, अंथरूण, औषध, घरी जाण्याची परवानगी, किंबहुना आई-बापांशी दूरध्वनीवर दोन शब्द बोलण्याची संधी, हे सारे अधीक्षक किंवा अधीक्षिका या एका माणसाच्या मुठीत असते. इतकी सर्वंकष सत्ता दुसऱ्या कोणत्याही शालेय कर्मचाऱ्याला नसते, आणि इतके निराधार मूलही दुसऱ्या कोणत्याही शाळेत नसते. बुलढाणा जिल्ह्यात खामगावजवळच्या पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण २०१६ च्या दिवाळीत उघडकीस आले, तेही एक मुलगी सुट्टीत घरी गेल्यामुळे. पनवेलजवळच्या एका आश्रयगृहात मतिमंद मुलींवर झालेल्या अत्याचारांत संस्थाचालकाला मार्च २०१३ मध्ये न्यायालयाने देहदंड सुनावला, परंतु त्या मुलींना बोलता येण्यासाठीसुद्धा उच्च न्यायालयाच्या देखरेखीची गरज पडली. अशा ठिकाणी रात्री मुलींच्या खोल्यांकडे कोण जाते याची नोंदवही, स्त्री अधीक्षिकेचे भरलेले पद, आणि आई-बापांशी कोणाच्या कृपेवाचून बोलता येईल असा दूरध्वनी, या तीन गोष्टी कोणत्याही चित्रफितीच्या यंत्रापेक्षा अधिक मोलाच्या आहेत. अधीक्षिकेचे पद रिक्त ठेवून कॅमेरा बसवणे ही मुलींची फसवणूक आहे.

येथवर जे लिहिले ते उघड अपराधांविषयी. परंतु निर्मळ वागणूक आणि अपराध यांच्यामध्ये एक विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे, आणि आपल्या शाळांत नियमांचा खरा अभाव आहे तो तेथेच. करोनाच्या काळात वर्गावर्गाचे व्हॉट्सॲप गट निघाले आणि शिक्षकाचा खाजगी क्रमांक प्रत्येक मुलाच्या हाती गेला. शाळा पुन्हा भरल्या, पण ते क्रमांक तेथेच राहिले. रात्री साडेदहाला एका शिक्षकाचा एकाच मुलीला ‘झोपलीस का?’ असा निरोप जातो. यात कोणत्याही कलमाचा भंग नाही, निरोपाचा हेतू कदाचित दुसऱ्या दिवशीच्या स्नेहसंमेलनाची तालीम एवढाच असेल, आणि तरीही तो निरोप जाऊ नये, हे कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असले पाहिजे. रायगड हा कबड्डीचा जिल्हा. संघ सामन्यांसाठी अलिबागला किंवा त्याहून दूर जातो, मुक्काम पडतो, दुखावलेल्या पायाला मालीश करावे लागते, पोशाख बदलायचे असतात. या प्रत्येक प्रसंगी बरोबर दुसरे मोठे माणूस असावे, मुलींच्या संघाबरोबर स्त्री शिक्षिका असावी, आणि दुखापतीवरचा उपचार चारचौघांत व्हावा. वर्गातल्या मुलांनाच घरी बोलावून खाजगी शिकवणी घेण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे अठ्ठाविसावे कलम मनाई करते. तिचे आर्थिक कारण सर्वांना ठाऊक आहे, परंतु मुलाच्या सुरक्षिततेशीही तिचा तितकाच संबंध आहे. वाडीवरच्या मुलांकडून गुरुजींच्या घरचे पाणी भरून घेणे, दुचाकी धुवून घेणे, पाय चेपून घेणे, या प्रथांमध्ये कोणाला वाईट हेतू दिसत नाही; मला मात्र त्यांत मुलाच्या देहावर आणि वेळेवर मोठ्या माणसाचा हक्क गृहीत धरण्याची सवय दिसते, आणि त्या कामासाठी बहुधा कातकऱ्याचेच पोर निवडले जाते याचे वैषम्य वाटते.

मर्यादाभंग म्हणजे केवळ पुरुषाची वासना, हा समजही सोडून द्यावा लागेल. जुलै २०२५ मध्ये शहापूर येथील एका शाळेत प्रसाधनगृहात रक्ताचे डाग आढळले म्हणून मुलींना विवस्त्र करून तपासल्याची तक्रार झाली, आणि अटक झालेल्यांत मुख्याध्यापिका व स्त्री कर्मचारी होत्या. तेथे वासनेचा प्रश्न नव्हता. शिस्तीच्या नावाखाली मुलीच्या देहाची अप्रतिष्ठा करण्यास आपणास अधिकार आहे, ही समजूत होती. छडी, अंगठे धरणे, शेकडो उठाबशा, वर्गापुढे अपमान यांना शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २०१० पासून बंदी आहे. तरीही ‘दोन लावा, पण शिकवा’ असे सांगणारे पालक आजही भेटतात, आणि मुलाच्या देहावर कोणाचा अधिकार चालू शकतो याचा पहिला धडा त्याला येथेच मिळतो.

शिक्षकांच्या बाजूचे एक भय आहे, आणि त्याची उपेक्षा करणे अन्याय्य होईल. एखाद्या खोट्या तक्रारीने जन्माची अब्रू धुळीस मिळेल, म्हणून आता मुलाच्या पाठीवर शाबासकीचा हातही ठेवायचा नाही, असे अनेक सालस शिक्षक व्यथित होऊन बोलतात. या भयावरचा उपाय मर्यादा सैल करण्यात नाही. त्या लेखी आणि सर्वांस ठाऊक करण्यात आहे. दार उघडे ठेवून बोलणारा, मुलीला दुचाकीवरून सोडावे लागले तर आधी तिच्या घरी आणि मुख्याध्यापकांना कळवणारा, निरोप गटावरच देणारा शिक्षक कोणाच्याही संशयाला जागा ठेवत नाही, आणि त्याच्या शाबासकीकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. मार्च २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा निर्णय झाला. बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी, सहावीपर्यंतच्या वर्गांसाठी शक्यतो स्त्री कर्मचारी आणि अनुचित प्रकार २४ तासांच्या आत वरिष्ठांना कळवण्याची सक्ती आली. मे २०२५ मध्ये त्यात आणखी सविस्तर सूचनांची भर पडली. परंतु सखी सावित्री समिती कागदावर कधी स्थापन झाली हे सांगणारे मुख्याध्यापक तिची शेवटची सभा कधी झाली हे चटकन सांगू शकत नाहीत, आणि तक्रारपेटी जेथे टांगली जाते तेथे चिठ्ठी टाकणारे मूल कार्यालयातील प्रत्येकाला दिसते. ज्या मुलाला लिहिता येत नाही, बालवर्गातल्या त्या मुलासाठी तर पेटीचा उपयोगच नाही. त्याला शरीराच्या अवयवांची नावे, नकोसा स्पर्श आणि कोणाला सांगायचे हे शिकवणारा तास हवा, आणि तो मुलींइतकाच मुलग्यांनाही हवा.

या लेखाचा वाचक बहुधा कोणा ना कोणा शाळेशी बांधलेला आहे. शिक्षणहक्क कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे; म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळांत अधिकार आपल्याच हाती दिलेला आहे, आणि अनुदानित शाळांत निदान सल्ला देण्याचा. समितीच्या येत्या सभेत तीन गोष्टी मागाव्यात : सर्व कर्मचाऱ्यांच्या, शिपाई व वाहनचालकांसह, पोलीस पडताळणीचे कागद, सखी सावित्री समितीचे इतिवृत्त, आणि या शाळेत मोठ्या माणसांनी मुलांशी कसे वागावे याचे एका पानाचे, सर्वांच्या सह्या असलेले, भिंतीवर लावलेले नियम. पहिल्या दोन शासनाने आधीच सांगितलेल्या आहेत. तिसरे पान गावाने स्वतः लिहायचे आहे, आणि त्याच्या तळाशी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मोठ्या अक्षरात घालावा.